बायचा पाठ आणि वर्गातला खोकला

आमच्या वर्गात खोकला झालेला नसतानाही पोरं खोकायची. कुणी 'काळा'चं 'काला' केलं, 'पाणी'चं 'पानी' केलं, की मागच्या नाहीतर पुढच्या बाकावरून एक कोरडं 'खक्' यायचं. खोकणारा हात गळ्याला लावायचा, म्हणजे बोलणाऱ्याच्या घशात माशाचा काटा अडकलाय असा त्याचा अर्थ. त्या चुकीला नावच पडलं होतं 'काटा'. 'हिने आज दोन काटे गिळले', 'अरे, काटा, काटा!' असं मधल्या सुट्टीत चालायचं. आमचे एक गुरुजीसुद्धा फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "काटे काढून बोला रे." त्यांना वाटायचं ते गमतीत बोलतात. मला त्यांच्या पाठीत डस्टर घालावंसं वाटायचं.

ही ऐंशी सालानंतरची, अंधेरीच्या पश्चिमेकडची गोष्ट. आम्ही वेसाव्याच्या कोळीवाड्यातले. शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. अर्धी पोरं आमच्याकडची आणि अर्धी रस्त्यापलीकडच्या कॉलनीतली, नोकरदारांची. आमच्या बोलीत 'ळ' नाही, त्याचा 'ल' होतो. 'ण'चा 'न' होतो. आणि मधे 'ड' आला तर त्याचा 'र' होतो. गाडीची गारी, साडीची सारी, वाड्याचा वारा. त्यामुळे समुद्रावरून येतो तोही वारा आणि आम्ही राहतो तोही वाराच. काल गेलेला तोही काल आणि यमाचा काळ तोही काल. यात आमचं कधी काही अडलं नव्हतं. शाळेत गेल्यावर कळलं की हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत आणि आपण ते एकात एक घालून बसलोय.

तसं म्हटलं तर बाजारात आमच्या बायकासुद्धा कमी नव्हत्या. कॉलनीतली एखादी बाई मांदेलीला बोंबील म्हणाली, बोईला रावस समजून भाव करायला लागली, की तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने एकजण दुसरीला म्हणायची, "वरणभात आला गो." मग ओळीने सगळ्या पदर तोंडाला लावायच्या. पण वरणभाताला परीक्षा नसते. ती बाई घरी जाऊन सुखाने मासा खायची. काटा मात्र आमचं वर्षाचं वर्ष घेऊन जायचा.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही घरात बाय म्हणायचो, डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती. कोळीवाड्यातल्या आमच्या आळीत एवढं शिकलेली पहिलीच पोर. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, घरी आले तरी पाय वर करून झोपणार. घर आईचं. अंधेरीच्या बाजारात आईची बसायची जागा होती, तिच्या सासूकडून आलेली. बाजारात अशी जागा रिकामी ठेवून चालत नाही. आठ दिवस कुणी बसलं नाही की शेजारणीची माशांची पाटी हळूच इकडे सरकते, महिन्याभरात जागा तिची होते. मग कितीही भांडा. आणि आईची कंबर गेली होती. पाटी डोक्यावर चढवताना ती ओठ चावायची आणि बाजारातून आली की भिंतीला टेकून बराच वेळ कुणाशी बोलायची नाही.

तिने बायला एकदाच सांगितलं होतं, फार आवाज न चढवता. "यंदा पास झालीस त बाई हो. मी काकीला जागेवर बसवीन. नाय झालीस त पाटी उचल. तुला परत साल नाय देता येत गो, कंबर ऐकत नाय."

बाय 'हो' म्हणाली. आई बोलेल ते करते हे आम्हा दोघींना चांगलं माहीत होतं.

लेखी परीक्षेची बायला भीती नव्हती. भीती होती ती शेवटच्या पाठाची. डी.एड.च्या पोरींना खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गावर, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर एक तास शिकवून दाखवावं लागायचं. त्यात नापास म्हणजे सगळ्यातच नापास. पाठाला ठरलेल्या पायऱ्या असायच्या. आधी प्रस्तावना, मग आज काय शिकणार ते सांगायचं, मग शिकवायचं, मग उजळणी, शेवटी गृहपाठ. घंटा व्हायच्या आत गृहपाठापर्यंत पोचलंच पाहिजे. अर्ध्यावर घंटा झाली तर पाठ बुडाला, मग मधे तुम्ही सोनं शिकवलेलं असलं तरी.

बायला शाळा मिळाली ती आमचीच. वर्ग मिळाला तोही माझाच, सातवीचा. आणि विषयाची चिठ्ठी उचलली तर त्यात निघालं, 'उच्चारात सारखे, अर्थाने वेगळे शब्द'.

ती चिठ्ठी घेऊन बाय घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघून आईला वाटलं, कुणी गेलं की काय. मी विषय दोनदा वाचला. दुसरं काहीही चाललं असतं. पक्ष्यांचे आवाज, म्हणी, पत्रलेखन, काहीही. माझ्या बहिणीने माझ्या वर्गासमोर उभं राहून 'वेळ' म्हणायचं होतं आणि तिथे ते खोकणारे बसलेले होते.

मग सुरू झाली आमची तालीम. बाय मोठी, पण यात गुरू मी. मी पहिलीपासून त्या शाळेत होते, चिडून चिडून माझी जीभ वळली होती. बाय आधी आजोळी, तिकडच्या खाडीकाठच्या शाळेत शिकलेली, तिची जीभ उशिरा वळत होती. संध्याकाळी बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या मागे आम्ही दोघी बसायचो. मी म्हणायचे, "नळ, बाळ, कमळ." ती म्हणायची, "नळ, बाळ, कमल." की मी तिच्या मांडीवर फूटपट्टी मारायचे. जीभ वर, आणखी मागे, टाळूला. ती हसायची नाही, रागवायची नाही, पुन्हा म्हणायची. आई घरातून मुद्दाम ओरडायची, "कमल आली काय गो? तिला चा दे." मला तेव्हा हसू यायचं नाही. आता येतं.

शब्द कुठले घ्यायचे ते बायच्या हातात होतं. कॉलेजातल्या तिच्या मॅडमनी सांगितलं, सोपे घे. नाव म्हणजे आपलं नाव आणि नाव म्हणजे होडी. वर म्हणजे नवरा आणि वर म्हणजे उंच. कर म्हणजे हात आणि कर म्हणजे घरपट्टी. यात ना 'ळ' ना 'ड'. मी तर तिच्या पायाच पडले, "एवढेच घे ना गं, सुटशील." तिने ते घेतले. पण तक्त्याच्या खालच्या अर्ध्या भागात तिने लाल शाईने आणखी जोड्या लिहिल्या. वेळ आणि वेल. माळ आणि माल. वाडा आणि वारा.

"कशाला?" मी किंचाळलेच.

"आपल्या तोंडात सारखेच ना? विषयात बसतात," ती म्हणाली आणि वेलीला हिरवी पानं रंगवत बसली.

आता हातांचं सांगायला हवं. पाठ देणाऱ्या सगळ्या पोरींची एक युक्ती असायची. एकीने दुसरीला सांगायची, दुसरीने तिसरीला, कॉलेजात ती कुणी शिकवायचं नाही पण सगळ्यांना यायची. परीक्षकाला वाटलं पाहिजे की सगळा वर्ग हुशार आहे. म्हणून पोरांना आधीच सांगून ठेवायचं, प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. मग बाईंनी फक्त उजव्या हातांना विचारायचं. मागे बसलेल्या परीक्षकाला दिसतं हातांचं रान आणि उत्तरं धडाधड बरोबर. आमच्या वर्गाला हे पाठ होतं, दरवर्षी पाठवाल्या बाई यायच्याच. बायनेही पाठाच्या आदल्या दिवशी येऊन तेच सांगितलं. पोरं म्हणाली, "माहितेय बाई."

बाई. घरी बाय आणि इथे बाई. मी आदल्या रात्री तेवढं एक घोकलं होतं, की चुकूनही घरचं नाव तोंडातून जाता कामा नये.

हातांची व्यवस्था झाली, पण खोकल्याची व्हायची होती. खोकणाऱ्यांचा म्होरक्या कॉलनीतला एक मुलगा होता, कायम पहिल्या तीनांत येणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा. शाळा सुटताना तो माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "उद्या तुझ्या बहिणीच्या तासाला माझा घसा बसणार बहुतेक." त्याच्याबरोबरचे दोघे हसले.

मी घरी गेले नाही. दप्तरासकट त्याच्या मागे कॉलनीत गेले. तो जिना चढून आत गेल्यावर दारापर्यंत पोचले आणि कडी वाजवली. काय बोलायचं ते काही ठरवलं नव्हतं. हात मात्र शिवशिवत होते. दार त्याच्या आईने उघडलं. बाजारात उरलेले मासे आई कॉलनीत दारावर विकायची, तेव्हा सुट्टीत मी तिच्याबरोबर यायचे. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ओळखलं, आणि म्हणाली, "अगं, आज तू का? आई नाही आली? थांब हं, भांडं आणते."

माझ्या अंगावर शाळेचा गणवेश होता, खांद्याला दप्तर होतं. तरी ती भांडं आणायला वळली.

"मासे नाहीत," मी म्हणाले. "याच्याशी बोलायचंय."

तो तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. घरात आईसमोर त्याचा चेहरा जरा वेगळाच दिसत होता, लहान. मी सरळ म्हणाले, "उद्या खोकलास तर बघ."

"खोकला?" त्याची आई त्याच्याकडे वळली. "तुला खोकला झालाय? आणि मला बोलला नाहीस? कधीपासून?" तिने त्याच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला. "तोंड उघड बघू. आ कर."

तो खरोखर 'आ' करून उभा राहिला. माझ्याकडे त्याने एकदा रडवेल्या डोळ्यांनी पाहिलं. मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्याला मारही पडला असता, पण ते तोंडातून निघेना. आत काढ्यासाठी पातेलं ठेवल्याचा आवाज आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "नाही खोकणार. विद्येची शपथ."

मी जिना उतरले. काम झालं होतं आणि तरी मला रडू येत होतं. ते भांडं माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी चौथा तास. बायने पांढरी, बारीक निळ्या काठाची साडी नेसली होती. परीक्षक बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. जाडजूड, सोनेरी काड्यांचा चष्मा, मांडीवर कागद. त्यांनी कुणाकडे बघून हसणं वगैरे केलं नाही. आमच्या वर्गात दोन बाजू होत्या. दाराकडे कॉलनीची पोरं आणि खिडकीकडे आमची. गुरुजींनीच तसं बसवलं होतं, 'तुम्हाला वाऱ्याची सवय' असं म्हणून. खरं कारण डब्यांचा वास हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकटी दाराकडे होते, नंबर चांगला आल्यामुळे मला तिकडे आणलं होतं.

सुरुवात झकास झाली. बायचा आवाज आधी जरा कापला, मग स्थिरावला. नाव झालं, वर झालं, कर झाला. पोरं हसली, उत्तरं आली. परीक्षक बाईंचं पेन मधूनमधून चालत होतं. मग बायने तक्त्याचा खालचा अर्धा भाग उलगडला आणि लाल शाईच्या शब्दांवर आली.

"वेळ," ती म्हणाली.

स्वच्छ. जीभ टाळूला लागल्याचं मला दिसलंसुद्धा. मी त्या मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. खोकला नाही.

"वेळ आणि वेल. कोण वाक्यात उपयोग करून दाखवेल?"

सगळे हात वर गेले. बायने दाराकडचा एक उजवा हात उठवला, उत्तर बरोबर आलं. दुसरा उठवला, बरोबर. माळ आणि माल, पुन्हा दाराकडचा उजवा, बरोबर. मी मनातल्या मनात घड्याळ मोजत होते. आता वाडा आणि वारा, मग उजळणी, मग गृहपाठ, की सुटलो.

"वाडा आणि वारा?"

हात वर गेले आणि बाय थांबली.

ती कशाला थांबली ते मला आधी कळेना. वाटलं, विसरली. मग मी मान वळवून ती बघत होती तिकडे पाहिलं. दाराकडे सगळे उजवे हात होते. खिडकीकडे सगळे डावे. मधे फक्त जायची वाट. एकही हात इकडचा तिकडे नव्हता. आमच्या आळीतली, शेजारच्या आळीतली, बाबांच्या बोटीवरच्या खलाशांची, सगळी पोरं डावा हात ताठ वर धरून, आपल्याला कुणी विचारणार नाही म्हणून निवांत बसली होती. माझा उजवा होता. मला येत होतं.

बाय उभीच. परीक्षक बाईंनी मान वर केली. मी डोळ्यांनी बायला सांगत होते, विचार ना, कुणालाही विचार, इकडचा कुणीही सांगेल. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने हातातली छडी टेबलावर ठेवली, खिडकीच्या बाजूला दोन पावलं गेली आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीकडे बोट केलं. "तू सांग."

ती मुलगी वर्गात कधी बोलायची नाही. हजेरीला 'हजर' म्हणायची तेवढंच. ती उठली, आपल्या वर असलेल्या हाताकडे पाहिलं, बायकडे पाहिलं आणि घाबरून मोठ्याने म्हणाली, "बाई, मी डावा केलाय."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. आता त्या उठतील आणि जातील.

"माहीत आहे," बाय म्हणाली. "म्हणूनच विचारलं. तू राहतेस कुठे?"

"कोलीवाऱ्यान."

"त्याच्यावर वाक्य कर."

ती मुलगी पदर नसताना पदर शोधल्यासारखी फ्रॉकला हात लावत म्हणाली, "आमचा वारा दर्याच्या बाजूला हाय."

आणि खोकला आला. खक्.

मी ताडकन त्या मुलाकडे वळले. खोकणारा तो नव्हता. त्याने शपथ पाळली होती. खोकला खिडकीकडून आला होता. तिच्याच मागच्या बाकावरचा, आमच्याच आळीतला एकजण गळ्याला हात लावून हसत होता. मग त्याच्या शेजारचा खोकला. इतकी वर्षं आमच्यावर खोकून खोकून कॉलनीच्या पोरांनी आम्हालाही ते शिकवलं होतं. मला त्या क्षणी जितका राग आला तितका त्या कॉलनीतल्या पोराचाही कधी आला नव्हता.

बाय रागावली नाही. तिने फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं 'घरी', दुसरीकडे 'शाळेत'. 'घरी'च्या खाली लिहिलं 'वारा'. मग म्हणाली, "माझ्या घरीसुद्धा वारा म्हणतात. मी पण तिथलीच. आणखी काय काय म्हणतो आपण?"

मग मागून आवाज आला, "गारी." "सारी." "घोरा." "होरी." बाय लिहीत गेली. ती एकेका डाव्या हाताला उठवायची, घरचा शब्द विचारायची, मग समोरचा शाळेतला शब्द म्हणायला लावायची. जीभ कुठे लावायची ते स्वतः आ करून दाखवायची. कुणाला पहिल्यांदा यायचं, कुणाला येतच नव्हतं. ती तिसऱ्या बाकावरची मुलगी 'वाला' म्हणाली, 'वारा' म्हणाली, मग 'वाडा' म्हणाली आणि स्वतःच दचकली. दाराकडची पोरं गप्प ऐकत होती. एकाने चक्क विचारलं, "बाई, मग वारा सुटला हे कसं म्हणता?" आमची पोरं हसली आणि सांगायला लागली, सगळी एकदम.

मी हसले नाही. माझं लक्ष बाहेर होतं. शिपाई व्हरांड्यातून घंटेकडे चालला होता. उजळणीचे प्रश्न लिहिलेला दुसरा तक्ता गुंडाळलेला तसाच होता. गृहपाठ राहिला होता. मी खालच्या आवाजात म्हणत होते, "गृहपाठ, गृहपाठ." शेजारचीने माझ्याकडे पाहिलं. बायला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. घंटा झाली तेव्हा ती एका डाव्या हाताजवळ वाकून त्याला 'घोडा' म्हणायला लावत होती.

परीक्षक बाई उठल्या. पुढे येऊन त्यांनी टेबलावरचं टाचण, म्हणजे पाठ कसा देणार त्याचा बायने लिहून दिलेला आराखडा, उचलून पाहिलं. मी पहिल्या बाकाशी वह्या गोळा करायच्या निमित्ताने उभी होते.

"ही मधली रेघ टाचणात कुठे आहे?"

"नाही," बाय म्हणाली.

"आणि हातांचं?"

बायची मान खाली गेली. "तेही नाही."

"उजळणी झाली नाही. गृहपाठ नाही." त्या कागदाची घडी घालत होत्या. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "शिकवता येतं तुला. पण मला पाठाला गुण द्यायचे असतात."

त्या गेल्या. पुढच्या आठवड्यात वर्गात खोकला पुन्हा सुरू झाला, पूर्वीसारखाच, फक्त त्या कॉलनीतल्या मुलाचा नाही.

निकाल लागला तेव्हा बाय एकटी जाऊन बघून आली. आई दारात बसून कोलंबी सोलत होती. बायने चप्पल काढली आणि म्हणाली, "पाठात गेले."

आईचे हात थांबले नाहीत. मलाच राहवलं नाही. इतके दिवस घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं, ते सगळं माझ्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. हातांची युक्ती, उजवे, डावे, ती मुलगी, रेघ, राहिलेला गृहपाठ. "हिने स्वतःची वाट लावून घेतली, आये. फक्त उजव्या हातांना विचारायचं होतं. एवढंच! मी समोर बसले होते हात वर करून!" मी ओरडत होते आणि रडत होते.

"उजव्यांना येतच होतं गं," बाय म्हणाली.

आईने कोलंबीचं ताट सरकवलं, हात धुतले आणि आत गेली. संध्याकाळी तिने स्वतःचं हिरवं लुगडं घडी करून बायच्या अंथरुणावर ठेवलं. तेवढ्यावरून सगळं कळलं. आई बोलते तसं करते.

पहाटे मी जागी झाले तेव्हा दिव्याखाली आई बायला लुगडं नेसवत होती. आमच्याकडचं बाजाराचं नेसणं, गुडघ्यापर्यंत, मागून घट्ट काष्टा घातलेलं. बायला ते नेसायची सवय नव्हती, कॉलेजात ती गोल साडी नेसून जायची. ती हात जरा लांब धरून, न हलता उभी होती. रडत नव्हती. पाटी दाराशी तयार होती. आई कमरेत वाकून काष्टा खोचत होती आणि दर वेळी वाकताना तिचा श्वास अडकत होता.

खोचता खोचता ती तशीच वाकलेली थांबली. वर न बघता म्हणाली, "मी तुझ्या वर्गान असती, त मना कंचा हात करावा लागला असता?"

आई शाळेत कधी गेलीच नव्हती. सहीच्या जागी ती अंगठा उठवायची.

"सांग ना. डावाच ना?"

"हां," बाय म्हणाली.

"मग मना इचारलं असतंस काय गो?"

"पयलं तुलाच," बाय म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज फुटला.

मग तिने खोचलेला काष्टा सोडला. एक एक करत सगळ्या निऱ्या सोडवल्या, लुगडं बायच्या अंगावरून उतरवलं आणि स्वतःच्या कमरेला गुंडाळायला लागली. बाय परकरावर तशीच उभी राहिली. मी अंथरुणातून उठून बसले होते. पाटी उचलताना आई भिंतीला हात टेकून थांबली, बाय पुढे झाली तर तिने तिला कोपराने बाजूला केलं.

"परीक्षेचा फारम परत भरून ठेव," ती म्हणाली आणि बाजाराला गेली.